मी न थांबलेले सात दिवस

रूथ, जोएल — हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईला तर नाहीच.

परवा फोनवर रूथ, तू म्हणालीस की ऑफिसात कुणीतरी फार लागेल असं बोललं, पण तू लगेच उत्तर दिलं नाहीस. आठवडाभर गप्प राहिलीस, प्रार्थना केलीस, मग बोललीस. "तुझ्याकडूनच शिकले, आजी," म्हणालीस. मी शाब्बास म्हटलं आणि फोन ठेवला.

माझ्याकडून?

आपली अंबरनाथची ख्रिस्ती मंडळी लहान, पण तिची एक रीत फार जुनी आहे. कुणाविरुद्ध तक्रार असेल तर ती पंचांपुढे आणण्याआधी सात दिवस देवापुढे ठेवायची आणि गप्प बसायचं. आपलं कसं बरोबर आहे हे देवाला पटवत बसायचं नाही, नुसतं बसायचं. तक्रार ऐकण्याआधी थोरले पंच एकच विचारतात — सात दिवस बसलात का? पुरावा मागत नाहीत. देवळात उभं राहून कोण खोटं बोलणार?

मला ही रीत कधी झेपली नाही, हे आज लिहिते. कारखान्याच्या ऑफिसात मी तीस वर्षं टायपिंग केलं, पत्रव्यवहार सांभाळला. सकाळी आलेलं पत्र संध्याकाळपर्यंत निकालात निघालं नाही तर मला जेवण जात नसे. टेबलावर उघडी फाईल आणि आपण डोळे मिटून बसायचं — याला मी मनातल्या मनात आळस म्हणत असे. तुम्हांला मात्र उलटंच शिकवलं. का, ते पुढे कळेल.

तुमच्या आईचं, स्नेहलचं, लग्न आठवड्यावर आलं होतं. पुढच्या शनिवारचं. पत्रिका, गीतांचे छापील कागद, कोण कुठे बसणार याची यादी — सगळं तयार. देवळातली पायपेटी वाजवायचे भास्करसर. शाळेतून निवृत्त झालेले, पालेगावात राहणारे. स्नेहल सहा वर्षांची असताना त्यांनीच तिला सूर शिकवला होता. शनिवारी संध्याकाळी गाण्यांची तालीम होती, आम्हां दोघांचीच; ते उशिरा आले. बोटं थरथरत होती. दुसऱ्या गीतात मधेच थांबले आणि कुठे होतो ते विसरले. मी कागद दाखवायला वाकले तर कपड्यांना वास आला. उग्र, स्पिरिटसारखा.

मला काय वाटलं ते सांगायला नको.

पण खरी गोष्ट ती नाही. वास आला, गैरसमज झाला, एवढंच असतं तर मी हे लिहिलं नसतं. खरी गोष्ट अशी की घरी येताना मी बोटांवर दिवस मोजले. आज शनिवार. सात दिवस बसले तर पुढचा शनिवार उजाडतो, म्हणजे लग्न. म्हणजे लग्नात तेच वाजवणार, पाहुण्यांसमोर मधेच थांबणार.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर पंच बसले होते. मी आत गेले आणि तक्रार मांडली. सॉलोमनकाका थोरले पंच होते. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मार्थाबाई, सात दिवस बसलात?"

"बसले," मी म्हणाले. "आज आठवा."

आदल्या संध्याकाळची गोष्ट मी एक आठवडा मागे नेली. कुणी शंका घेतली नाही. कशी घेणार? तारखेची चूक आणि मार्थाबाई?

भास्करसरांना आत बोलावून तक्रार तारखेसकट सांगितली. मी पीत नाही, एवढंच ते म्हणाले. मग वास कसला, हे विचारल्यावर खाली बघत राहिले. पंचांनी त्यांना पायपेटीवरून उठायला सांगितलं. त्यांनी खिशातून पेटीची किल्ली काढून ठेवली, माझ्याकडे वळले — माझ्याचकडे — आणि विचारलं, "स्नेहलच्या लग्नात कोण वाजवेल मग?"

मी म्हणाले, होईल व्यवस्था. व्यवस्था मी आदल्या रात्रीच फोनवरून केली होती. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून कीबोर्डवाला ठरवला होता. लग्नाच्या व्हिडिओत तो तुम्ही पाहिला आहे, लाल टाय घातलेला.

लग्न देखणं झालं. एक सूर चुकला नाही. जेवणं चालू असताना पालेगावची सुमन, सरांची शेजारीण, माझ्याजवळ आली. हार आणि वेण्या तिनेच आणल्या होत्या. ती आपल्या मंडळीतली नव्हे, तिला यातलं काही माहीत नव्हतं. सर दिसले नाहीत का, म्हणून मीच विचारलं. का विचारलं असेल मी?

"सर कुठले येतायत बाय आता?" ती म्हणाली. "वैनी चार महिने अंथरुणात. पाठ पार सोलली पडून पडून. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाय, कुणाला सांगायचं नाय अशी शपथ घातलीय. सरच दोन वेळा स्पिरिट चोळतात, पावडर लावतात. रातभर जागे. तुम्ही पन बोलू नका हां कुठं."

माझ्या हातात केकची बशी होती. तो सातवा दिवस होता. मी काही करायचं नव्हतंच, नुसतं बसायचं होतं — आणि खरं काय ते आपल्या पायांनी चालत माझ्यापर्यंत आलं असतं. आलंच.

तेव्हा सॉलोमनकाका दहा पावलांवर जेवत होते. मी गेले नाही. मनात म्हटलं, सुमनने बोलू नको म्हटलंय. बघा, गप्प बसायला मला किती चांगलं कारण मिळालं!

पुढच्या महिन्यात वहिनी, सरांच्या पत्नी, गेल्या. भास्करसर येत राहिले, शेवटच्या बाकावर, पुस्तक न उघडता सगळी गीतं म्हणत. आया मुलांना त्यांच्याकडे शिकायला पाठवेनाशा झाल्या. मी दर रविवारी त्यांना नमस्कार करायची आणि तेही करायचे. त्यांना माझी तारीख ठाऊक होती. त्या शनिवारच्या आधीच्या शनिवारी तालीम झालीच नव्हती, हे आम्हां दोघांनाच माहीत होतं. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मी मात्र तेव्हापासून घरात सगळ्यांना थांबायला शिकवू लागले — तुमच्या आईला, मग तुम्हांला. मोठ्या शांतपणे.

गेल्या महिन्यात भास्करसर वारले. नवे पाळक तरुण आहेत, अंत्यविधीच्या उपासनेत त्यांनी मंडळीत ऐकलं तेच सांगितलं. म्हणाले, प्रभूने या आपल्या भावाला दारूच्या बंधनातून सोडवलं, आणि मग इतकी वर्षं त्यांनी तिला हात लावला नाही. सगळे आमेन म्हणाले.

मीही म्हणाले. दुसऱ्या बाकावरून, स्पष्ट आवाजात.

उद्या तुमच्या आईला सांगेन. रविवारी उपासनेनंतर मंडळीपुढे उभी राहीन. जे तिथे बोलायचं ते इथे आधी लिहून ठेवते — भास्करसर कधीच पीत नव्हते. मला ते लग्नाच्या दिवसापासून ठाऊक होतं.