भोये सरांची काळी पट्टी

भोये सर साठ वर्षांचे झाले. दिसतात पन्नाशीचे. माझी पहिली तक्रार हीच.

नव्वदच्या दशकात मोखाड्याच्या शाळेतून ते जव्हारला आमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला आले, तेव्हा त्यांची माझी ओळख झाली. मी पुण्याच्या पदवीचे भेंडोळे मिरवणारा. ते जामसरच्या शेतकरी घरातले, मितभाषी. आठवडाभरात मुले माझा तास बुडवून त्यांच्या तासाला बसू लागली. मी तोंडभरून अभिनंदन केले. दोन दिवस जेवण गेले नाही.

पुढे मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाची एकच जागा निघाली. उमेदवार आम्ही दोघे. दसऱ्यानंतर तिथे जाऊन आपापली तांब्याची पट्टी अवरक्त लेसरखाली तापवून दाखवायची होती. खंडेनवमीला आम्ही उपकरणे घासूनपुसून पूजेला मांडतो. मी घरी बसून पट्टीला चिंच लावत होतो, तोच सर दारात आले.

"सर, नका घासू. किरण आत शिरणारच नाही, परत जाईल."

"तुम्ही तुमची पट्टी सांभाळा."

ते गेल्यावर पत्नी म्हणाली, "अहो, ते सांगतायत तर ऐका की!"

"प्रतिस्पर्धी कधी खरं सांगतो का?" मी आणखी चिंच मागितली. चकचकीत धातू अवरक्त किरण परत फेकतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो, हे इथे नमूद करणे भाग आहे.

मुंबईत माझ्या पट्टीत परीक्षकांना स्वतःचे चेहरे दिसले. तापमापीचा काटा मात्र हलला नाही. सरांनी आईच्या चुलीवर धरून काजळलेली पट्टी ठेवली. काटा सरसर चढला. तरीही तेच परीक्षकांना म्हणाले, "यांना पुन्हा एक संधी द्या. माझ्याकडे दुसरी काळी पट्टी आहे." मी बाणेदारपणे नकार दिला. त्या बाण्याचा पश्चात्ताप अजून चालू आहे.

जागा सरांना मिळाली. घासलेला, खरबरीत, गंजलेला धातू किती किरण शोषतो, यावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, आणि मोठ्या नोकऱ्या नाकारून जव्हारलाच शिकवायला परतले. म्हणजे माझा तास पुन्हा ओस. त्यांच्या पहिल्या शोधनिबंधात माझे आभार आहेत: तुलनेसाठी उत्तम चकचकीत पट्टी दिल्याबद्दल. ते पान मी जपून ठेवले आहे. रागाने.

सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. मात्र माझ्यावर लेख लिहायची वेळ त्यांच्यावर येऊ नये. तो याहून सरस असेल, आणि त्यात माझ्याबद्दल एकही वाकडा शब्द नसेल. ते मला सोसणार नाही.