फ्रीजच्या खोक्यावरची गोष्ट

माझी मावशी पहिलीच्या पोरांना इंग्रजी शिकवायची. 'शिकवायची' म्हणताना डोकं फिरतं माझं. आता शिकवत नाही. शिकवू देत नाहीत!

आधी एबीसीडी घोका, मग शब्द, असलं तिच्याकडे नव्हतंच. पोरं बोलणार, ती लिहिणार, मग सगळे मिळून वाचणार. मी फ्रीजच्या दुकानात कामाला आहे, गिऱ्हाइकांकडे माल पोचवते. रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे तिला मीच नेऊन द्यायचे. त्यावर पोरांनी आमच्या दुकानातल्या लंगड्या कुत्र्याची गोष्ट रचली, इंग्रजीत. दाराएवढं पुस्तक! त्याच्यावर पालथी पडून वाचायची. अक्षरं त्यातूनच ओळखीची होत गेली, शेजारपाजारच्या माणसांसारखी.

मुख्याध्यापकांना ते खुपलं. "बाई, हे वाचन नाही, पाठांतर आहे." पालकांना बोलावलं. पोरांनी नवं पुस्तक वाचून दाखवायचं, नाहीतर वर्ग मावशीकडून काढून घेणार. मी मागे उभी, काखेत पुठ्ठा.

एक चिमुरडी उठली. चित्रात वाऱ्याने कागद उडत होते, खाली लिहिलेलं, 'शट द डोअर.' पोरीने चित्र बघितलं, ओळ बघितली आणि खणखणीत वाचलं, "क्लोज द डोअर!" शिवाय जाऊन वर्गाचं दारही लावून आली.

पालक हसले. मुख्याध्यापक नाही. "क्लोज कुठे लिहिलंय? दाखव!"

"सर, कळलं म्हणून तर उठली ना ती," मावशी म्हणाली. "शब्द येईल वाचता वाचता."

"चूक ती चूक."

मला राहवेना. "मी आठवीपर्यंत तुमच्याच शाळेत धडाधड वाचायचे सर! कळत एक ओळ नव्हती. तेव्हा शाबासकी कशाची देत होता?"

"गप गं," मावशी म्हणाली.

वर्ग गेला. तिला प्रयोगशाळेत बसवलं, बाटल्या पुसायला. एवढ्या गुणी बाईला!

परवा ती मला डबा द्यायला दुकानात आली, तर समोरून तीच चिमुरडी आईला ओढत आत.

"बाई, कुत्रा खोक्यातून बाहेर आला का?"

वर्ग गेला तेव्हा लंगड्या कुत्र्याची गोष्ट तिथेच अडकली होती. मी नव्या फ्रीजचं खोकं टराटरा फाडलं.

शेठ ओरडले, "अगं ए, तो फ्रीज गिऱ्हाइकाचा आहे!"

"उघडाच नेते. फ्रीजला काय थंडी वाजते?"

मावशीने पर्समधून मार्कर काढला आणि फरशीवर बसकण मारली. "हं, सांग. बाहेर येऊन काय केलं त्याने?"