पॅकेज बांधणारी सुमाक्का

संगणकाला आज्ञा देऊन झाली, की सुमाक्का मॉनिटर बंद करायची आणि डोळे मिटून बसायची. तिकडे संगणकाचा डबा घरघरत असायचा, इकडे ही गुणगुणत. नव्वदचं दशक संपत आलेलं, मी पुण्याहून बंगळूरला नवाच आलेलो. मला वाटलं, बाई झोपल्या. “बघत बसलं म्हणून भात लवकर शिजतो काय रे?” डोळे न उघडता ती म्हणाली. “स्वल्प थांब की.”

व्हाइटफील्डजवळच्या आमच्या कचेरीत तिचं काम लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीसाठी पॅकेजं बांधण्याचं. म्हणजे कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम, त्याला लागणाऱ्या साऱ्या सामानासकट असा बांधून द्यायचा, की परक्या संगणकावरही तो विनातक्रार चालावा. तिचं घराणं मराठी, पण पिढ्यानपिढ्या बंगळूरचं, त्यामुळे तिच्या मराठीत कन्नड सहज मिसळलेलं. आणि सोवळं कडक! ज्याचा मूळ कोड वाचता येत नाही, ते ती संगणकावर घ्यायचीच नाही. इंटरनेटवरचा रेडिओ ऐकवणारा एका कंपनीचा प्लेअर आम्ही मागितला, तर म्हणाली, “आत काय आहे ते दाखवत नाही, त्याला मी घरात घेत नाही. सरी? कळलं?”

त्याच सुमाक्काने एक दिवस आपण होऊन तो प्लेअर उतरवून घेतला. आम्ही चिडवायला तोंड उघडलं, तोच तिने कारण सांगितलं.

तिची धाकटी बहीण नलिनी घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून अमेरिकेला गेली होती. तेव्हापासून आई तिच्याशी बोलत नव्हती. तिचा फोन आला की उठून देवघरात जायची. आता तिथल्या एका विद्यापीठाच्या रेडिओवर नलिनीचं गाणं लागणार होतं, आणि ते फक्त त्या प्लेअरवरच ऐकू येणार होतं. “रेडिओ ऐकणं म्हणजे काही बोलणं नव्हे,” असं म्हणून सुमाक्काने आईला कसंबसं तयार केलं होतं.

कंपनीने लिनक्ससाठी प्लेअर दिला होता खरा, पण नाइलाजाने दिल्यासारखा. त्याला जुन्या धाटणीचं सामान हवं होतं. सुमाक्काने ते शोधून काढलं, पॅकेज बांधलं, मग एका संगणकातलं सगळं पुसून टाकून त्यावर चालवून पाहिलं. “भरल्या घरात चूल पेटते, त्यात काय मोठं? रिकाम्या घरात पेटली पाहिजे.” तोच संगणक घेऊन रविवारी सकाळी आम्ही जे. पी. नगरला तिच्या घरी गेलो.

फोनची तार काढून मोडेमला जोडली. आई आमच्याकडे पाठ करून अवरेच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा सोलत होती. आधी खरखर, मग फार लांबून, पाण्याखालून यावा तसा नलिनीचा आवाज. आईनेच शिकवलेलं मंगळागौरीचं गाणं! शेंगा सोलणारे हात थांबले. खिडकीतून कोवळं ऊन येत होतं, आणि आपण नक्की कुठल्या गावात बसलो आहोत, हेच मला कळेना. ती सकाळ मला अजून स्वप्नासारखीच आठवते.

दुसऱ्या कडव्यात लाइन तुटली. सुमाक्का मोडेमकडे धावली.

“राहू दे ते,” आई म्हणाली. “ती घरी असेल काय आत्ता?”

“असेल की. गाणं आधीच रेकॉर्ड केलेलं आहे.”

“मग फोन लाव.”

सुमाक्काने तार परत फोनला लावली. नंबर दाबताना ती दोनदा चुकली. मी शेंगांकडे बघत राहिलो. आईने रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून नुसतं “हॅलो, हॅलो” ऐकू येत होतं.

“दुसरं कडवं अर्धं राहिलं,” आई म्हणाली. “म्हण पुढचं.”