सायकलवर धावलेल्या तेवीस सकाळी

मी माझ्या मुलीशी तेवीस दिवस खोटं बोललो, आणि तेही तोंडातून एक शब्द न काढता. बोलायचं काम माझ्या मनगटावरच्या घड्याळाने केलं. मी फक्त ते बांधून सायकलवर बसत होतो.

घड्याळ तिनेच दिलेलं. उपग्रहांवरून आपली जागा ओळखून माणूस किती धावला, प्रत्येक किलोमीटरला किती मिनिटं लागली, छातीचे ठोके किती पडले, सगळं टिपून ठेवणारं. माझी शुगर वाढल्याचं कळल्यावर ती नागपूरहून बडोद्याला आली तेव्हा घेऊन आली, आणि माझ्या हातावर बांधता बांधता म्हणाली, "आता तुम्ही इथे बडोद्याच्या अकोट्यात धावायचं, मी नागपुरात. रोज पाच किलोमीटर. एकमेकांचं मोबाइलवर दिसतं. लबाडी चालणार नाही."

"लबाडी आणि मी?" मी म्हणालो. ती हसली. त्या वेळी ते हसण्यासारखंच होतं.

माझी शुगर हे निमित्त होतं, हे मला आणि तिच्या आईला ठाऊक होतं. आदल्या वर्षी तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या. त्यानंतर कितीतरी महिने ती कॉलेजात शिकवून यायची आणि खोलीचं दार लावून पडून राहायची. फोनवर विचारलं, जेवलीस का, तर "हो" म्हणायची, आणि तो "हो" ऐकून तिची आई रात्री जेवायची नाही. मग ती धावायला लागली. कशी, कुणाच्या सांगण्यावरून, आम्ही विचारलं नाही. सकाळी उठत होती, एवढं आम्हाला पुरेसं होतं. एकदा फोनवर म्हणाली, "गजर झाला की आधी मोबाइल बघते. तुमचं धावणं आलेलं दिसलं की पाय खाली टाकते. नाही दिसलं तर पुन्हा पांघरुणात."

हे वाक्य मी विसरलो असतो तर माझा अपराध थोडा हलका झाला असता. मी विसरलो नव्हतो.

फेब्रुवारी आणि मार्च चांगले गेले. मी पाच वाजता निघायचो, अकोट्याच्या पुलावरून विश्वामित्री नदी ओलांडायचो आणि पावणेसहाच्या आत घरी. पुलावर रोज भेटणारे एक गुजराती आजोबा "जय श्री कृष्ण" म्हणून हात वर करायचे. मीही करायचो, धापा टाकत. चोपन्नाव्या वर्षी आपण पाच किलोमीटर धावतो याचा मला फार गर्व झाला होता. नागपुरात तिने आपल्या कॉलेजातल्या लोकांना माझे आकडे दाखवले होते. तेही तिने मला सांगितलं होतं, आणि बहुतेक सगळी गडबड तिथूनच सुरू झाली.

एप्रिलच्या मध्यापासून रात्री निवेनात. पहाटे पाचलासुद्धा भिंतीला हात लावला तर भिंत कोमट. पहिल्या दोनशे पावलांत तोंड कोरडं पडायचं, तिसऱ्या किलोमीटरला डोळ्यांपुढे पांढरं यायचं. मी चालू शकलो असतो. घड्याळाला चालणंही कळतं. पण चालल्यावर किलोमीटरला अकरा-बारा मिनिटं दिसली असती, आणि ती नागपुरात दिसली असती. त्यापेक्षा मी एक दिवस गेलोच नाही. त्या दिवशी तीही गेली नाही. संध्याकाळी तिच्या आईने फोन केला तर आवाज पुन्हा जुन्यासारखा, तोच "हो".

दुसऱ्या दिवशीही मला जाग आली ती सहाला. मोबाइलवर तिचा निरोप होता, "आजही नाही?" घड्याळ बांधलं, दूध आणायला सायकल काढली आणि फाटकापाशी उभा राहून, विचार करायला स्वतःला वेळ न देता, धावण्याचं बटण दाबलं.

सायकल इतकी हळू चालवणं सोपं नसतं. हँडल डोलतं, तोल जातो. रद्दीवाल्याच्या हातगाडीने मला मागे टाकलं. मी घड्याळाकडे बघत, किलोमीटरला साडेसात मिनिटांच्या आसपास राहील असं पॅडल मारत पाच किलोमीटर पुरे केले आणि दूध घेऊन घरी आलो. मोबाइलवर तिचा निरोप आला होता. "बाबा, कमाल आहे. मी पण निघते." तेव्हा नागपुरात चांगलं ऊन वर आलेलं असणार. हे माझ्या मनात आलं, आणि मी चहा प्यालो.

मग मी रोज सव्वापाचला सायकलवर जाऊ लागलो. सवयीने हात बसला. किलोमीटरला सात मिनिटं वीस सेकंद जमू लागलं. पुलावरचे आजोबा पहिल्या दिवशी म्हणाले, "आजे सायकल?" मी म्हणालो, "पग दुखे छे." पाय दुखतो. त्यांनी मान हलवली. वाटेतल्या माणसाशीही खोटं बोललो.

बायकोने चौथ्या-पाचव्या दिवशी माझा टी-शर्ट दोरीवर टाकता टाकता म्हटलं, "धावून आलात आणि हा कोरडा कसा?"

"वारा होता."

"वारा," ती म्हणाली, आणि टी-शर्टला चिमटा लावला.

दुसऱ्या दिवसापासून मी सोसायटीच्या बागेतल्या नळाखाली टी-शर्ट भिजवून घरात येऊ लागलो. पाठीवर जास्त, काखेत थोडा, पोटावर कमी, जसा घाम येतो तसा. चोपन्न वर्षांचा माणूस पहाटे नळापाशी वाकून स्वतःच्या काखा भिजवतोय, हे दृश्य मी आजही डोळ्यांपुढून घालवू शकत नाही.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी कोयलीच्या बाजूच्या एका कारखान्यात आहे. आमच्याकडे दर दोन तासांनी ऑपरेटरने प्लांटमध्ये फिरून, जिने चढून, वरच्या मीटरचे दाब आणि तापमान डोळ्यांनी बघून लॉगशीटवर लिहायचं असतं. त्याला आम्ही रीडिंग घेणं म्हणतो. वर न जाता, खाली पंख्याखाली बसून अंदाजाने आकडा लिहिणं याइतकं मोठं पाप आमच्यात नाही, कारण त्या आकड्यावर विसंबून दुसरा माणूस व्हॉल्व्ह उघडतो.

बारा वर्षांपूर्वी मी शिफ्टचा प्रमुख असताना माझ्या हाताखाली एक ऑपरेटर होते, माझ्याहून वयाने मोठे. त्यांना सगळे भाई म्हणायचे. मे महिन्यात त्यांचे सलग चार दिवसांचे आकडे मला फार सरळ वाटले. दुपारी दोनला जे, तेच चारला, तेच सहाला. मी त्यांना सगळ्यांसमोर बोलावलं. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून एवढंच म्हटलं, "साहेब, ढींचण बहु दुखे छे." गुडघा फार दुखतो. मी म्हणालो, "मग लॉगशीट माझ्याकडे द्यायचं होतं. खोटं का लिहिलं?" आणि मी वर लेखी कळवलं. त्यांची बढती तेव्हा यायची होती, ती आली नाही. दोन वर्षांनी ते त्याच हुद्द्यावरून निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला पेढा दिला. मी घेतला.

घरी जेवताना हा किस्सा मी कितीदा सांगितला असेल. मुलगी तेव्हा शाळेत होती. गोष्टीच्या शेवटी माझं ठरलेलं वाक्य असायचं, खरं रीडिंग कधी सरळ रेघेत येत नाही. थोडं वर, थोडं खाली, खरं असंच असतं. ती पाढ्यासारखं माझ्याबरोबर म्हणायची.

तेविसाव्या दिवशी, सायकलवरून येऊन मी कामावर निघत असतानाच बायको फोन हातात घेऊन बाहेर आली. मुलगी रस्त्यात चक्कर येऊन पडली होती. कुणीतरी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं, सलाइन लावलं होतं. हनुवटीला टाके पडले होते. तिने स्वतःच फोन केला होता, "घाबरू नका, ऊन लागलं" असं सांगायला. आम्ही निघतो म्हणालो, तर म्हणाली, येऊ नका, उद्या घरी सोडतायत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. मला.

"बरं वाटतंय का?" मी विचारलं.

"बरं आहे. पडून पडून कंटाळा आला, म्हणून तुमची जुनी रीडिंग बघत बसले."

ती रीडिंग म्हणाली, धावणं म्हणाली नाही. मी खुर्चीत बसलो.

"पहिला किलोमीटर सात-वीस," ती वाचल्यासारखी म्हणाली. "दुसरा सात-वीस. तिसरा सात-एकवीस. चौथा सात-वीस, पाचवा सात-वीस. त्या दिवशी बडोद्यात बेचाळीस होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर तेच. बाबा, खरं रीडिंग कधी कसं येत नाही?"

मी मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं.

"आणि मिनिटाला पावलं किती, तेही असतं त्यात. मार्चमध्ये तुमची दीडशेच्या वर आहेत. आता शून्य. पाऊल न टाकता कसे धावता तुम्ही?"

"सायकल," मी म्हणालो.

"किती दिवस?"

"तेवीस."

"मोजलेत वाटतं."

"मोजलेत."

मग तिने विचारलं, "आईला माहीत होतं?"

फोन स्पीकरवर नव्हता, पण बायको जवळच उभी होती. माझ्या तोंडाकडे बघून तिने ओळखलं असावं. ती मोठ्याने म्हणाली, "टी-शर्ट नळाखाली भिजवून आणायचे. म्हटलं, त्यांचं त्यांना कळेल कधीतरी. मी तरी बोलायला हवं होतं."

"मला वाटायचं, बाबांना चोपन्नाव्या वर्षी या उन्हात जमतं, मग मलाच का होत नाही," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "रोज मी सात-वीस गाठायला जात होते. त्या दिवशी डोकं दुखत होतं, तरी गेले. तुम्ही आज नाही जमलं म्हणाला असता ना, तरी मी उठले असते, बाबा. खरंच उठले असते."

ते खरं होतं की नाही, मला माहीत नाही. मी एक दिवस गेलो नव्हतो, तेव्हा ती उठली नव्हती. पण हे तिला सांगण्याचा अधिकार माझ्याकडे उरला नव्हता.

"मी ते सगळे दिवस पुसून टाकतो," मी म्हणालो.

"पुसायचं नाही," ती एकदम म्हणाली. "लॉगशीटवर चुकलेला आकडा गिरवायचा नाही, पुसायचा नाही. एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला सही. तुम्हीच शिकवलंत." आणि तिने फोन ठेवला.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी मोबाइल घेऊन बसलो. प्रत्येक धावण्याला नाव देता येतं. घड्याळ आपलं आपण 'सकाळचं धावणं' असं लिहून टाकतं. मी एकेक दिवस उघडला, ते खोडलं आणि तिथे 'सायकल' असं लिहिलं. तेवीस वेळा. अकराव्या दिवसाशी थांबलो, कारण त्या दिवशी खाली तिने लिहिलं होतं, "माझा हिरो." त्याच्यावरही 'सायकल' लिहिलं. तिच्या कॉलेजातल्या ज्या लोकांना माझे आकडे दिसायचे, त्यांनाही आता हे दिसणार होतं. दिसू दे, असं म्हणायला मला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी पायी निघालो. पहिला किलोमीटर नऊ मिनिटं दहा. दुसरा अकराच्या वर. पुढे श्वास पुरेना, चालायला लागलो. पुलावर आजोबांनी विचारलं, "पग सारो थई गयो?" पाय बरा झाला का. मी म्हणालो, पाय दुखतच नव्हता, मी खोटं बोललो होतो. ते थोडे गोंधळले आणि म्हणाले, "चालो, चालो." सव्वादोन किलोमीटरवर मी कठड्याला टेकून उभा राहिलो आणि घड्याळ थांबवलं. टी-शर्ट अंगाला चिकटला होता. घरी आल्यावर तो मी स्वतःच धुतला.

पाच दिवस तिचं काही आलं नाही. ना धावणं, ना निरोप. ती आईशी बोलत होती आणि आई मला सांगत होती, टाके काढले, परीक्षेचे पेपर तपासते आहे. मी रोज जात होतो. कधी दोन किलोमीटर, कधी दीड, एकदा तर नुसतं चालणं, तेरा मिनिटांचा किलोमीटर. आकडे वर-खाली, वेडेवाकडे. सहाव्या दिवशी पावणेसहाला मी घरी येऊन पाणी पीत होतो, तेव्हा मोबाइलवर तिचं चालणं आलं. एक किलोमीटर आठशे मीटर. धावण्याची घाई नाही. आणि माझ्या तेरा मिनिटांच्या दिवसाखाली तिने लिहिलं होतं, "हे वर जाऊन घेतलेलं दिसतंय."

मी ते वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोर चांगली आहे तुमची." आणि चहा ठेवायला गेली.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, नाही असं नाही. पण त्याच्याबरोबर भाई आठवले, गुडघ्यावर हात ठेवून उभे असलेले. माझ्या मुलीने माझे आकडे पकडले आणि पाच दिवस रागावून मला पुन्हा जागा दिली. मी त्यांचे आकडे पकडले, तेव्हा गुडघा कधीपासून दुखतो, एवढंही विचारलं नाही. उलट बारा वर्षं त्या गुडघ्याची गोष्ट जेवताना सांगितली, स्वतःचा मोठेपणा म्हणून. ते इथेच, प्रतापनगरला मुलाकडे राहतात असं कळलं आहे. पायी जाण्यासारखं अंतर आहे. दोनदा निघालो आणि पुलावरूनच परत आलो. घड्याळात ते दोन दिवसही आहेत. त्यांना काय नाव द्यावं, ते अजून सुचलेलं नाही.