प्रतिध्वनी लहान मेंदूकडे का जातो

सेमिनारचा विषय मीच मागून घेतला होता, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला बाकीच्यांनी गांडूळ, कोळंबी, डास असे सरळ विषय घेतले. मी लिहून दिलं : 'आवाजावर वाट काढणाऱ्या वटवाघळाचं अनुमस्तिष्क आवाज कसा हाताळतं.' अनुमस्तिष्क म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू. तोल सांभाळणं आणि हालचालींचा मेळ घालणं हे त्याचं काम, असं शाळेत पाठ केलं होतं. त्याचा ऐकण्याशी काय संबंध, हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

सरांनी कागद वाचला आणि म्हणाले, "हा एम.एस्सी.वाल्यांनाही जड जातो. गुरुवारी माझ्यासमोर दहा मिनिटं, कागद न बघता सांग. जमलं तर विषय तुझा. नाही तर गांडूळ घे, त्यात वाईट काही नाही."

वाईट नव्हतंच. पण आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. जमेल तेवढंच मागायचं, ही सवय मला स्वतःला लावून घ्यायची नव्हती.

बाबा मिरजोळ्याच्या पुढे एका हापूसच्या बागेत राखणदार आहेत. आम्ही बागेतल्याच खोलीत राहतो. राखणदाराच्या घरात वटवाघूळ म्हटलं की एकच डोळ्यांपुढे येतं : कोल्ह्यासारख्या तोंडाचं, पिकला आंबा खाऊन कोय खाली टाकणारं. लहानपणी मी डबा वाजवत त्यांच्यामागे धावले आहे. म्हणून सेमिनारच्या तक्त्यावरही मी तेच काढलं, दोन दिवस खपून. तोंडातून निघालेले तरंग समोरच्या आंब्यावर आपटून कानात परत येताना दाखवले.

मंगळवारी संध्याकाळी बाबांना समोर बसवून सराव सुरू केला. दोन मिनिटांत त्यांनी हात वर केला.

"बाय गो, ह्येला डोळे येवढे टपोरे कशाला काढलेस?"

"असतात तसेच काढले."

"मंग? डोळे हायत, नाक हाय. वासावर येतात ती. वरडतात ती एकमेकांशी भांडायला."

आई चुलीजवळून म्हणाली, "तीन वर्सं कालेज शिकली, नि चूक काढली कोणी, तर राखणदारानं."

मला राग आला. तो आवाज माणसाला ऐकूच येत नाही बाबा, असं म्हणणार होते. पण म्हणण्याआधी टिपणं उघडली. फळं खाणारी ही मोठी वटवाघळं बहुतेक नजरेवर आणि वासावरच चालतात, हे तिथे पहिल्याच पानावर होतं. प्रतिध्वनीवर शिकार करतात ती किडे खाणारी बारकी, आमच्या विहिरीच्या कपारीत राहणारी. ते वाक्य मी वाचलं होतं, पण बागेतल्या वटवाघळांना ते लावून पाहिलं नव्हतं. तक्ता उलटा करून मी मागच्या कोऱ्या बाजूवर पुन्हा सुरुवात केली.

बुधवारी सकाळी बाबा आंबे उतरवत होते आणि मी खाली टोपली धरून उभी होते. लांब काठीला जाळी आणि पातं लावलेली घळ असते, तिने आंबा देठासकट काढायचा. देठ तुटल्याचा 'टक' आवाज येताच बाबांचं मनगट वळायचं आणि फळ जाळीत बसायचं.

"केव्हा वळवायचं, कसं कळतं?"

"मी कुठं वळवतो? आवाज आला का हात वळतो. इचार करत ऱ्हायलो तर फळ खडकावर."

टोपली तशीच धरून मी टिपणांतल्या ओळी आठवत राहिले. बारकं वटवाघूळ हाक टाकतं, प्रतिध्वनी किती उशिरा आला त्यावरून किडा किती लांब ते ठरतं, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. ऐकण्याच्या वाटेवरचे संदेश अनुमस्तिष्कातही पोचतात. तिथल्या काही पेशी त्याच्या हाकेच्या पट्टीतल्या आवाजाला जास्त प्रतिसाद देतात, तर काही ठरावीक उशिराने आलेल्या प्रतिध्वनीला. या ओळी मला पाठ होत्या, पण एकेक सुटी. पंख, कान आणि पुढची हाक यांचा मेळ जिथे बसतो तिथेच आवाज पोचायला हवा, नाही तर किडा निघून जाईल. हे आत्ता कळलं.

गुरुवारी सरांना आधी तक्त्याची चुकलेली बाजू दाखवली, मग बरोबर बाजू. कागद पिशवीतच ठेवला. सातव्या की आठव्या मिनिटाला सरांनी थांबवलं.

"म्हणजे अनुमस्तिष्क ऐकतं, असं म्हणायचं का?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. सरांना तेच उत्तर हवं आहे, असंही वाटलं.

"तसं मला म्हणता येणार नाही, सर. आवाजाला प्रतिसाद देतं, एवढं नक्की. त्याचा उपयोग ते हालचाल सुधारायला करतं, की पुढचा प्रतिध्वनी कधी येईल याचा अंदाज बांधायला, हे मी वाचलं त्यात पक्कं सांगितलेलं नाही."

"म्हणजे उत्तर अर्धंच."

"हो सर. पण जेवढं आहे तेवढं मला समजलंय."

सरांनी विषयांची यादी पुढे ओढली. मग माझ्या नावापुढचं 'गांडूळ' खोडलं. ते त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. "काय माहीत नाही तेही तक्त्यावर लिही," ते म्हणाले. "बारीक अक्षरात खाली नको. मधोमध."

मी तिथेच बाकावर तक्ता पसरला आणि पेनाचं टोपण काढलं.