मागून येणारा धक्का

प्रेमिला कोहळे पोळ्यांचं टोपलं उचलून वळत होती, तेवढ्यात पिंटूनं मागून येऊन तिच्या दोन खांद्यांच्या मधोमध धक्का मारला. टोपलं एकीकडे उडालं, बाई दुसरीकडे. उजव्या मांडीला लावलेला लोखंडी पाय गुडघ्यात मिटला आणि ओट्याच्या कडेवर भुवई फुटून ती फरशीवर आली. कणकेच्या परातीत रक्त पडलं. मग पुढचं सगळं नेहमीसारखं. तोच पिंटू खाली बसला, आईचं डोकं मांडीवर घेतलं, जखमेत हळद कोंबली आणि हमसून हमसून रडला.

"आई, मले माफ कर वं. मी कुत्रा आहो."

कुत्र्याला कशाला मधे ओढतोस, बाबा? कुत्रं आईला ढकलत नाही. शेजारच्या शोभाताईनं भिंतीपलीकडून हाक दिली, "काय पडलं वं?" आणि प्रेमिला डोळ्यात उतरणारं रक्त पुसत म्हणाली, "टोपलं पडलं." हे उत्तर तिला पाठ झालं होतं. कधी टोपलं, कधी कुकर, कधी पाण्याची बादली.

प्रेमिला मूळची काटोलकडची. नवरा महादेवराव काविळीनं गेला तेव्हा पिंटू पाटी-दप्तराच्या वयाचा होता. बाई नागपुरात आली, प्रताप नगरातल्या एका मेसच्या पोळ्या धरल्या आणि तव्यापुढं उभं राहून पोराला मोठं केलं. पोरगा कामाला लागला, त्यानं मोटारसायकल घेतली आणि आईला पहिल्यांदा मागे बसवून कन्हानला एका लग्नाला नेलं. पुढं कोळशाचा ट्रक होता. "थांब, थांब बापा," ती ओरडत होती आणि हा ट्रकच्या बाजूनं गाडी घालत होता. ट्रकचं मागचं चाक तिच्या पायावरून गेलं. हाडाचा असा चुरा झाला की डॉक्टरांनी पाय मांडीतून कापला. पिंटूला खरचटलंसुद्धा नाही, आणि तेच त्याला पचलं नाही.

दारूला दोष देऊन मोकळं व्हावं, तर पोरगा साधा सुपारी-तंबाखूचा खर्राही खात नव्हता. त्याला फक्त तो आवाज सहन होत नव्हता. फरशीवर आईचा पाय टक-टक वाजला की त्याच्या डोक्यात काहीतरी तापायचं. आधी तो ओरडायचा, "काहून फिरून राहिली? बस न एका जागी!" मग एकदा हात उठला, आणि उठलेला हात परत खाली आला नाही. धक्का द्यायचा, पाडायचं, मग उचलून रडायचं. रडून झालं की त्याला शांत झोप लागायची.

प्रेमिलाला माराची भीती नव्हती, खाटेची होती. कंबर आधीच दोनदा शेकून निघाली होती. आणखी एकदा त्याच जागी आदळली, हाड मोडलं, की मेस गेली, कमाई गेली आणि हागण्या-मुतण्यापासून सगळं पिंटूच्या हातात. ते नको होतं तिला. काहीही झालं तरी आपण आपल्या घरात उभं राहायचं, एवढंच तिनं ठरवून ठेवलं होतं.

हळदीनं भागलं नाही, भुवईला टाके घालावे लागले, आणि ते काढायला गेली तेव्हा दवाखान्यात तिला गार्गी भेटली. ही कापलेल्या पायांच्या माणसांना चालायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट. दवाखान्याकडे कॉम्प्युटरचा गुडघा आला होता आणि तो एकाला वापरायला द्यायचा होता. पिंटू बाहेर बाकावर आईची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. नर्सबाया म्हणत होत्या, पोरगा असावा तर असा.

"काकू, अलीकडे किती वेळा पडलात?" गार्गीनं विचारलं.

आता आपल्याकडची रीत अशी की साहेबापुढं रडगाणं गायचं नाही. प्रेमिलाला वाटलं, ही नोकरीसारखी परीक्षा आहे, धडधाकट दिसेल त्यालाच गुडघा. ती ताठ बसली. "एकदाबी नाही."

गार्गीचा चेहरा उतरला. "मग कसा देऊ तुम्हाला? हा सारख्या पडणाऱ्यांसाठीच आहे. ठेच लागली की तो ओळखतो आणि आपोआप घट्ट होतो." मग तिची नजर भुवईवर गेली. "आणि हे कशानं झालं?"

प्रेमिलानं दाराकडे पाहिलं. आवाज खाली आला. "पडली नाही म्हनलं न, मॅडम. पाडलं मले."

एका कान्याचा तर फरक. पण तो काना तोंडाबाहेर काढायला बाईला वर्षं लागली.

"कोणी?"

"ते नका विचारू. गुडघा देता का, ते सांगा."

"काकू, हा ठेच सांभाळतो, मारणारा माणूस नाही सांभाळत. पोलिसांत सांगा."

"माह्या पोराचं नाव मी पोलिसात देणार नाही!" प्रेमिला तडकली, आणि आपण काय बोलून बसलो ते कळून तिनं जीभ चावली.

गुडघा मिळाला. शिकून होईस्तोवर मुक्काम दवाखान्यातच ठरला. शिकणं मात्र जिवावरचं होतं. जुन्या पायाची सवय अशी की टाच आपटायची आणि मांडी मागे रेटून गुडघा ताठ करायचा, नाहीतर तो दगा देणार. नव्यावर उलट, वाकल्या गुडघ्यावर वजन टाकायचं. "टाका वजन, तो धरेल," गार्गी ओरडायची आणि प्रेमिला दातओठ खात मांडीला झटकाच द्यायची. छताला बांधलेल्या पट्ट्यात ती लोंबकळली, कठड्यावर आपटली, गार्गीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हळूहळू मांडीला विश्वास आला. मग तोल सांभाळायचा सराव सुरू झाला आणि गार्गी तिच्या कमरेला बोटांनी ढकलू लागली.

"असं नाही," प्रेमिला म्हणाली. "मागून मारा. दोन खांद्यांच्या मधात. मी पाऊल उचललं की मारा."

गार्गीचा हात थांबला.

"तो तसाच मारते. मारा न! जेवून आल्या का उपाशी आल्या?"

गार्गीनं मारलं. डोळे पुसून पुन्हा मारलं. प्रेमिला पट्ट्यात झुलत, घामानं निथळत "अजून, अजून जोरात" म्हणत राहिली. शेवटी नव्या पायाचं बोट जमिनीला घासलं, गुडघा घट्ट झाला आणि तिचा चांगला पाय वेळेवर पुढं पडला. ती मोठ्यानं हसली. गार्गी हसली नाही. "समोरून मारलं तर याचा उपयोग नाही. घरी जाऊ नका, काकू."

पण ती गेली. आईचं गणित साधं होतं. आपण पडलोच नाही तर त्याला पाडायची गोडीच राहणार नाही, आणि पोरगा सुधारेल. देवा, किती भोळं गणित!

दुपारची वेळ. तवा तापलेला. नव्या पायाचा आवाज येत नव्हता, म्हणून पिंटू स्वयंपाकघरात आला तो आई एकदम समोर दिसून दचकलाच. "आवाज काहून नाही येऊन राहिला?" तिनं पाठ फिरवली, पाऊल उचललं, आणि धक्का आला. बोट फरशीला घासलं, गुडघा घट्ट झाला. ती झोकांडली, हात भिंतीला टेकला आणि ती उभी राहिली. वळून पाहिलं तर पिंटू दोन्ही हात पसरून अर्धा वाकलेला. तिला उचलायला.

"पड न," तो म्हणाला. मग किंचाळला, "पड न वं, आई!"

त्यानं समोरून ठोसा मारला. ओठ फाटला. तिनं ओट्याची कड धरली. दुसरा ठोसा कानावर बसला, डोळ्यापुढं अंधारी आली, पण बोटं सुटली नाहीत. तेव्हा तो खाली बसला आणि नव्या पायाला दोन्ही हातांनी हिसडे देऊ लागला. "काढ हा पाय! काढ!" प्रेमिलाचा हात तव्याकडे गेला. पोळी उलटायचा सराटा तव्यावर राहून कडकडीत तापला होता. तिनं तो त्याच्या मनगटावर दाबला. कातडी चरचरली. पिंटू भांड्यांच्या मांडणीवर जाऊन आदळला आणि ताटं-वाट्या त्याच्या अंगावर कोसळल्या.

तिनं सराटा टाकून दिला. नऊ महिने वागवलेलं पोर ते! पण त्याच घटकेला तिला स्वच्छ दिसलं की याला माफी नकोच होती. याला आई जमिनीवर हवी होती. ती पडल्याशिवाय त्याला रडता येत नव्हतं, आणि रडण्यासाठी तो तिला मरेपर्यंत पाडणार होता. तिनं ओट्यावरचा फोन घेतला आणि एकशे बारा लावला.

"मारून राहिला मले," ती म्हणाली. "हो. आत्ता. घरात."

"आई, नको वं," पिंटू भाजलेला हात छातीशी धरून म्हणाला. "माहं नाव नको सांगू. माही नोकरी जाईन."

पलीकडच्या बाईनं मारणाऱ्याचं पूर्ण नाव विचारलं. पूर्ण नाव! बारशाला तिनं मोठ्या हौसेनं ठेवलं होतं. नंतर त्या नावानं हाक मारायला कोणाला सवडच मिळाली नाही.

"प्रशांत महादेवराव कोहळे," ती म्हणाली. "माहा मुलगा आहे."

पिंटू रडू लागला, लहानपणी ताप आला की रडायचा तसा, तोंड उघडं टाकून. प्रेमिलाच्या फाटक्या ओठातून रक्त हनुवटीवर येत होतं आणि डोळ्यांतूनही पाणी थांबत नव्हतं. तरी तिनं गल्ली सांगितली, घरनंबर सांगितला. मग गॅस बंद केला आणि पोलिसांची गाडी येईस्तोवर ती दारात उभी राहिली. त्याला उचलायला ती गेली नाही.