बिल्डवाले पेडणेकर

पेडणेकरांना मी खुर्चीत टेकलेलं क्वचितच पाहिलं. अंधेरीच्या आमच्या कंपनीत एकच मोठं मशीन होतं आणि त्यावर पाच प्रोजेक्टचं बिल्ड करायचं, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालते प्रोग्राम बनवायचं काम त्यांच्याकडे होतं. एकदा बिल्ड सुरू केलं की ते पँटची शिवण चिमटत टर्मिनलांमधून फेऱ्या मारत. मध्येच कुणाच्या तरी खांद्यावरून डोकावून "आधी तळाचा होऊंदे, मगे वरचा बघू," असं मालवणीत पुटपुटत आणि पुढे सरकत. तळाचं म्हणजे सगळ्या प्रोग्रामना लागणाऱ्या सामाईक कोडची लायब्ररी. ती आधी, बाकीचे चार प्रोग्राम तिच्यावर. कुठलं काम कशानंतर चालायचं हे त्यांनी एका फाइलीत लिहून ठेवलं होतं आणि तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

मी तेव्हा नवीन होते, अजून नोकरीत पक्की व्हायची होते. एका शनिवारी पेडणेकर आईला डॉक्टरकडे न्यायचं म्हणून बिल्ड माझ्यावर सोपवून गेले. तीन वाजता तयार प्रोग्राम भरलेली टेप न्यायला गिऱ्हाइकाचा माणूस येणार होता आणि काम लायब्ररीपाशीच सारखं अडत होतं. चूक काही सापडेना. घड्याळाकडे बघून बघून मी रडकुंडीला आले. शेवटी चूक आली तरी न थांबता पुढे जा, असं मशीनला सांगणारं एक अक्षर मी कमांडमध्ये घातलं. सगळं भराभर पार पडलं, टेपही भरली.

अडीचला पेडणेकर धापा टाकत आले. टेप देण्याआधी फाइलींच्या तारखा बघायची त्यांची रीत होती.

"लायब्ररी मंगळवारची कशी गो?"

नवी लायब्ररी बनलीच नव्हती. चारही प्रोग्राम जुनीवर उभे होते. मी काय केलं ते चाचरत सांगितलं. ते टेप उचलून तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं.

"टेप आज जाणार नाही."

"कोणी वाट लावली?" साहेबांनी विचारलं.

"बिल्ड माझ्याकडे आहे ना? मग मीच."

सोमवारी बिल्ड माझ्याकडे आलं. पेडणेकरांना मॅन्युअल लिहायला कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं. टेबलाखाली त्यांचे पाय दिवसभर हलत, ते मला बघवत नसे. साहेबांना खरं सांगते, असं मी एकदा म्हणाले.

"पक्की झालीस की सांग," ते म्हणाले. "घाई काय?"

मे महिन्यात मी पक्की झाले. पेडणेकर तोवर नोकरी सोडून गेले होते. खरं सांगायला म्हणून मी साहेबांच्या केबिनमध्ये दोनदा गेले आणि दोन्ही वेळा रजेच्या अर्जावर सही घेऊन परत आले.